गोळ्यापासून कवचापर्यंत: गाडी नक्की कोण थांबवतं?

मुक्ता_जालना | शनि, रात्री ९:१०

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला प्रश्न आज विचारते.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, रेल्वेत स्टेशन मास्तर होते. जालना आणि परभणीच्या मधलं एक छोटं स्टेशन, तेव्हा मीटरगेज. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथेच पडीक असायचो. त्यांच्या खोलीत लाल रंगाचं एक उभं यंत्र होतं आणि त्यातून लोखंडी गोळा बाहेर यायचा. एकदा त्यांनी तो माझ्या हातात दिला होता. गार, जड, माझ्या दोन्ही ओंजळीत जेमतेम मावणारा, आणि वर दोन स्टेशनांची नावं कोरलेली. तो कातडी पिशवीत घालायचे, पिशवी वेताच्या मोठ्या कडीला बांधलेली, आणि पॉईंट्समन ती कडी हात वर करून धरायचा. इंजिनातला माणूस धावत्या गाडीतून हात घालून ती उचलायचा आणि मागच्या स्टेशनाची कडी खाली टाकायचा. आम्हा पोरांना तो खेळ वाटायचा.

परवा त्याच मार्गाने मुंबईला आले. स्टेशनाशेजारी उंच मनोरा दिसला. समोरच्या सीटवरचे गृहस्थ म्हणाले, हे कवच, आता ड्रायव्हर झोपला तरी गाडी आपोआप थांबते. तेव्हापासून डोक्यात चाललंय की आजोबांच्या गोळ्यात आणि या कवचात खरा फरक काय? फक्त लोखंडाच्या जागी रेडिओ आला, की मुळातच काही बदललं?

आणखी एक. आजोबांच्या जुन्या वहीत एक ओळ आहे: "रात्री ६ दिले. पलीकडून लगेच पोच. गाडी निघाली नव्हती." बस्स, एवढंच. घरात कुणालाच याचा अर्थ माहीत नाही. इथे रेल्वेतली मंडळी आहेत म्हणून विचारते.

चहाटपरी | शनि, ९:२२

वाचतोय. गोळ्याचं वर्णन वाचून लहानपणीचं नांदेड स्टेशन आठवलं.

रिले_आणि_रूळ | शनि, ९:५८

मी सिग्नल विभागात बरीच वर्षं काढली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, वहीचं कुणी मास्तर मंडळी सांगतील.

तुम्ही पाहिलेलं यंत्र नीलचं बॉल टोकन यंत्र. प्रत्येक दोन स्टेशनांमध्ये अशा यंत्रांची जोडी असते आणि ती तारेने एकमेकांना जोडलेली असते. अलीकडच्या मास्तरला गोळा हवा असेल तर पलीकडच्या मास्तरने तिकडून संमती द्यावीच लागते, नाहीतर कितीही खटपट करा, गोळा सुटत नाही. आणि एकदा एक गोळा बाहेर आला की दोन्ही यंत्रं बंद. तो गोळा पलीकडच्या यंत्रात पडत नाही किंवा परत अलीकडे घातला जात नाही, तोवर दुसरा निघत नाही. ड्रायव्हरच्या हातात गोळा आहे याचा अर्थ या दोन स्टेशनांच्या मध्ये दुसरी गाडी असूच शकत नाही. एका सेक्शनचा, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या एका तुकड्याचा, गोळा शेजारच्या सेक्शनच्या यंत्रात बसतसुद्धा नाही, अशी त्याची घडण.

त्या काळातला हात असलेला सिग्नलही असाच विचार करून बनवलेला होता. आमच्याकडे जुनी माणसं "सिग्नल पडला" म्हणायची, म्हणजे हात खाली आला, गाडी येणार. हात आडवा म्हणजे थांबा. खांबावर एक वजन असतं. कॅबिनमधून, म्हणजे लिव्हर ओढायच्या खोलीतून, सिग्नलपर्यंत गेलेली तार तुटली तर त्या वजनामुळे हात आपोआप आडवा होतो. बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे, हे त्या वजनात लिहिलेलं आहे. पुढे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, आले, तेही तसेच. रुळातून बारीक वीजप्रवाह वाहतो, गाडीची चाकं आली की तो मधेच वळतो, रिले पडतो, सिग्नल लाल. तार तुटली, बॅटरी उतरली, रूळ तडकला, तरी रिले पडतो आणि सिग्नल लालच.

म्हणजे बिघडलं तर थांबा, हे तत्त्व जुन्यातही होतं, नव्यातही आहे. ते बदललेलं नाही.

शंकासूर | शनि, १०:१५

मग बदललं काय? गोळा एवढा भक्कम होता तर अपघात कसे व्हायचे?

रिले_आणि_रूळ | शनि, १०:३१

@शंकासूर, कारण गोळा सांगायचा की पुढे जायला हरकत नाही. पुढे लाल सिग्नल असताना ड्रायव्हर थांबतोय की नाही, हे बघणारं त्यात काहीच नव्हतं. सिग्नल, गोळा, लिव्हर, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), सगळं मास्तर आणि कॅबिनमन यांच्या हातून चूक होऊ नये म्हणून. इंजिनात बसलेल्या माणसावर मात्र पूर्ण भरवसा. त्याला धुक्यात सिग्नल दिसला नाही, डुलकी लागली, ब्रेक लावायला उशीर झाला, तर खांबावरचा लाल दिवा त्याला हात धरून थांबवू शकत नव्हता.

कवच आणि त्याआधीच्या काही पद्धती तिथे येतात. या सगळ्यांना मिळून गाडी संरक्षण म्हणतात, म्हणजे सिग्नलची आज्ञा ब्रेकपर्यंत नेणारी व्यवस्था.

हार्बरवाला | शनि, १०:४४

मुंबईकरांना हे नवीन नाही. लोकलमध्ये एडब्ल्यूएस, म्हणजे मोटरमनला सावध करणारी यंत्रणा, कित्येक वर्षं आहे. माझे मेहुणे मोटरमन होते, त्यांनी समजावलेलं सांगतो. सिग्नलपाशी रुळाजवळ चुंबक असतं, लोकलच्या खाली ते वाचणारं उपकरण. पिवळ्या सिग्नलवरून गेलं की केबिनमध्ये बझर, मोटरमनने बटण दाबून कबुली द्यायची. लाल ओलांडला तर ब्रेक लागलाच. शिवाय डेडमन हँडल वेगळं. ते दाबून धरायचं असतं, हात सुटला की गाडी थांबते.

दोन लोकलमध्ये तीन मिनिटांचं अंतर आणि दारात लोंबकळणारी माणसं. या गर्दीत ही यंत्रणा नसती तर काय झालं असतं, विचार करवत नाही.

थेम्सकाठी | शनि, ११:३७

इथे इंग्लंडमध्ये रोज रेल्वेने जाते. हार्बरवाला यांनी लिहिलेल्या बटणावरून इथली गोष्ट सांगावीशी वाटते, कारण त्या बटणाचीच मोठी किंमत मोजली गेली.

१९५२ साली लंडनजवळ हॅरो अँड वील्डस्टोनला तीन गाड्यांचा अपघात झाला, ११२ माणसं गेली. त्यानंतर इंग्लंडभर इथलं एडब्ल्यूएस (मुंबईच्याहून वेगळं) बसवण्याला वेग आला. हिरव्या सिग्नलला घंटा वाजते, बाकी कुठल्याही सिग्नलला भोंगा. पिवळा, दोन पिवळे, लाल, सगळ्यांना एकच भोंगा. ड्रायव्हरने बटण दाबलं की भोंगा बंद आणि ब्रेक लागत नाही. दिवसभरात शेकडो वेळा पिवळ्यावर बटण दाबायचं म्हटल्यावर हाताला सवय लागते. लालवरही हात त्याच सवयीने बटणावर जातो.

१९९७ मध्ये साउथॉलला गाडी लाल ओलांडून मालगाडीवर आदळली, ७ माणसं गेली. त्या दिवशी त्या गाडीतलं एडब्ल्यूएस बंद ठेवलेलं होतं. ब्रेक स्वतः लावणारी नवी प्रणाली त्याच गाडीत बसवलेली होती, पण तीही चालू केलेली नव्हती. दोन वर्षांनी त्याच मार्गावर पॅडिंग्टनजवळ लॅडब्रोक ग्रोव्हला ३१ माणसं गेली. मग मात्र घाई झाली आणि २००३ पर्यंत टीपीडब्ल्यूएस देशभर बसवलं. त्यात लाल ओलांडला किंवा लालकडे फार वेगाने आलात तर ब्रेक लागतो आणि ड्रायव्हरच्या बटणाने तो टळत नाही.

माझ्या मते जुन्या-नव्यातला फरक इथे आहे. जुनी प्रणाली माणसाला आठवण करून देते. नवी त्याच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

अदिती_प | शनि, ११:५०

ताई, अंगावर काटा आला. दोन दोन यंत्रणा गाडीत असून दोन्ही बंद!

केबिनमधून | रवि, सकाळी ६:०५

ड्यूटीवरून आलोय, झोपायच्या आधी लिहितो. मी लोको पायलट. कवच असलेल्या सेक्शनवर गाडी चालवली आहे.

समोरच्या गृहस्थांनी ताईंना "झोपला तरी चालेल" असं सांगितलं, ते कृपया कुणी मनात धरू नका. आम्ही झोपायला बसत नाही. कवच आल्यावरही मी आणि असिस्टंट प्रत्येक सिग्नल हात दाखवून, मोठ्याने एकमेकांना सांगतो, "मेन लाईन, होम, ग्रीन." आमच्या बापजाद्यांच्या काळापासून ही पद्धत आहे आणि ती राहणार.

आता बदललं काय ते. दोन रुळांच्या मध्ये, स्लीपरवर, ठरावीक अंतरावर आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओने वाचता येणाऱ्या खुणा, बसवलेले असतात. इंजिनाखालचं उपकरण ते वाचतं, त्यामुळे मी कुठल्या लाईनवर, नेमका कुठे आहे हे कळतं. दोन टॅगच्या मध्ये चाकांचे फेरे मोजून अंतर धरलं जातं. स्टेशनावरचं कवच तिथल्या सिग्नलची स्थिती रेडिओवरून माझ्या इंजिनाला पाठवतं. तो मनोरा त्यासाठीच. माझ्यासमोर एक स्क्रीन आहे. त्यावर माझा वेग, परवानगीचा वेग, पुढच्या सिग्नलचा रंग आणि पुढे किती मीटरपर्यंत जायची मुभा आहे, हे सतत बदलत दिसतं.

वेग थोडा वाढला की आधी आवाज येतो. लक्ष दिलं नाही तर साधा ब्रेक, तरी नाही तर पूर्ण ब्रेक, शेवटी आपत्कालीन. फाटक जवळ आलं की शिट्टी आपोआप वाजते. आणि एक लाल बटण आहे, एसओएस. ते दाबलं की आसपासच्या कवच असलेल्या गाड्या थांबतात.

सगळ्यात जास्त फरक पडतो धुक्यात. आधी काय होतं? सिग्नलच्या २७० मीटर आधी फॉगवाला रुळावर फटाके लावून बसायचा. इंजिनाखाली दोन बार फुटले की समजायचं, सिग्नल आला, आणि खिडकीतून मान बाहेर काढून डोळे फाडून बघायचं. ज्याने एकदा असा हिवाळा काढलाय त्याला विचारा स्क्रीनवर पुढच्या सिग्नलचा रंग दिसणं म्हणजे काय असतं. मानेवरचं ओझं उतरतं.

हार्बरवाला | रवि, ८:१२

@केबिनमधून, तुमच्या ड्यूटीला मनापासून नमस्कार. एक विचारतो. लोकलचं चुंबक फक्त सिग्नलपाशीच बोलतं, बरोबर? म्हणजे पिवळ्यावरून गेल्यावर पुढचा सिग्नल लालचा हिरवा झाला, तरी गाडीला ते पुढच्या चुंबकापर्यंत कळत नाही. कवचाला लगेच कळतं?

केबिनमधून | रवि, ८:२०

हो, तोच मोठा फरक. ते ठिकठिकाणी बोलतं, हे सतत बोलतं.

शंकासूर | रवि, १०:०३

सगळं छान. पण माझा प्रश्न कुणी टाळू नका. २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजारला कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला, जवळपास ३०० माणसं गेली. तिथे कवच असतं तर वाचली असती का?

रिले_आणि_रूळ | रवि, १०:४०

नाही. आणि हे सिग्नलचा माणूस म्हणून मी स्पष्ट सांगणार.

तिथे ड्रायव्हरला हिरवा होता. त्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं. सिग्नल सांगत होता मेन लाईन, पण सांधा लूप लाईनकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, लागलेला होता आणि तिथे मालगाडी उभी होती. फाटकाच्या कामासाठी सर्किटमध्ये बदल करताना जोडणी चुकली, आणि त्याच्याही आधी कधीतरी झालेली चूक तशीच राहून गेली होती, असं चौकशीत निघालं. कवच सिग्नलची माहिती इंटरलॉकिंगकडूनच घेतं. खालचा थर खोटं बोलला तर वरचा थर तेच खोटं इंजिनापर्यंत पोचवणार.

इंटरलॉकिंग म्हणजे सांधा आणि सिग्नल यांची सांगड. जुन्या कॅबिनमध्ये ही सांगड लोखंडाच्या पट्ट्यांची असायची. सांधा नीट लागला नसेल तर सिग्नलचं लिव्हर ओढलंच जात नाही, कॅबिनमनने अंगाचा जोर लावला तरी. पुढे रिलेंची खोली आली, आता संगणक. तत्त्व तेच, पण लोखंडात चूक करायची तर हातोडा घेऊन बसावं लागायचं. वायरिंगमध्ये एक तार इकडची तिकडे झाली की झालं. म्हणून आमच्या खात्यात जोडणी सोडवली की पुन्हा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक सिग्नल तपासल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम आहे. मी तरुण इंजिनिअरांना हात जोडून सांगायचो, घाईत सही करू नका.

शंकासूर | रवि, ११:०२

एवढं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. आभार.

कुडाळची_माई | रवि, दुपारी १:१५

कवच म्हणताय तर आमच्या कोकण रेल्वेची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये बंगालमध्ये गाइसळला रात्री दोन गाड्या समोरासमोर आल्या, त्याच सुमारास कोकण रेल्वेत बी. राजाराम यांनी टक्कररोधी यंत्र बनवायला घेतलं. त्याचं नाव होतं रक्षा कवच. आमच्या घरी पेपरातलं कात्रण जपून ठेवलेलं आठवतं. ते जीपीएस आणि रेडिओवर चालायचं.

मग ते सगळीकडे का नाही लागलं? आजच्या कवचापेक्षा त्यात काय कमी होतं?

आणि दुसरं. आमच्याकडे गाडीला धोका डोंगराचा. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीने गाडी घसरली, पुढच्याच वर्षी करंजाडीला पुन्हा. तेव्हापासून पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक, कमी वेग, आणि रात्रभर कंदील-बॅटरी घेऊन कटिंगमध्ये, डोंगर कापून काढलेल्या वाटेत, चालणारे गस्तीवाले. माझा चुलत दीर तेच काम करायचा. पहाटे घरी यायचा तेव्हा डोक्यावरच्या खोळीतून पाणी निथळायचं आणि बुटातून खेकडे. दरड कवचाला दिसत नाही. तिथे माणूसच लागतो.

रिले_आणि_रूळ | रवि, २:३०

@माई, अगदी बरोबर. गस्तीवाल्याचं काम कुठल्याही कवचाने संपणार नाही.

रक्षा कवचाबद्दल: ईशान्य भारतात ते मोठ्या मार्गावर लावून बघितलं. मुख्य अडचण अशी की फक्त जीपीएसवरून गाडी नेमकी कुठल्या लाईनवर आहे हे खात्रीने कळत नाही. दोन रूळजोड्या चार-पाच मीटरवर असतात. शेजारच्या लाईनवर गाडी उभी असली तरी यंत्राला वाटू शकतं समोर आहे, आणि विनाकारण ब्रेक. असं वारंवार झालं की माणसं यंत्र बंद ठेवायला लागतात, थेम्सकाठी यांनी साउथॉलचं लिहिलंय ते इथे आठवा. आताच्या कवचात रुळामधले टॅग लाईन ओळखून देतात आणि स्टेशनाचा सिग्नल जोडलेला आहे. पण अशी गोष्ट आपल्याकडे बनवता येते हा विश्वास त्या प्रयत्नाने दिला. राजाराम साहेबांचं श्रेय मोठं आहे.

चहाटपरी | रवि, २:४१

बुटातून खेकडे! माई, अख्खा कोकणातला पाऊस एका ओळीत आणलात.

हार्बरवाला | रवि, ४:०८

पाऊस निघालाच आहे तर, जुलैमध्ये लोकलचे सिग्नल का जातात तेही सांगतो. रुळावर पाणी आलं की त्या रुळातून वाहणाऱ्या विजेला पाण्यातून वाट मिळते. रिलेला वाटतं गाडी आली, सिग्नल लाल. आपण डब्यात बसून चिडतो, पण यंत्रणा तिचं काम बरोबर करत असते, संशय आला की थांबा. मग ऑटोमॅटिक सिग्नलवर मोटरमन दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबून सावकाश पुढे येतो. कुर्ला-शीवच्या मध्ये मुंगीच्या पावलाने चाललेली लोकल म्हणजे तीच.

रिले_आणि_रूळ | रवि, ४:५०

म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ॲक्सल काउंटर आलेत. आत किती ॲक्सल, म्हणजे चाकांच्या जोड्या, गेले, बाहेर किती आले, मोजायचं. पाण्याचा त्रास कमी. पण रूळ तडकला तर ॲक्सल काउंटरला पत्ता नसतो, रुळातल्या विजेला बऱ्याचदा लागतो. प्रत्येक सुधारणेत काहीतरी हातचं सुटतं, ते कुठे सुटलं हे लक्षात ठेवावं लागतं.

अदिती_प | रवि, ५:३३

मेट्रोत पण कवच असतं का? मी मेट्रो ३ ने जाते.

हार्बरवाला | रवि, ५:४५

तिथे सीबीटीसी. गाडी सतत रेडिओवरून आपली जागा सांगते आणि मागच्या गाडीला पुढच्या गाडीच्या शेपटीपर्यंतचं अंतर सतत मोजून मिळतं. सिग्नल ते सिग्नल असा ठरलेला तुकडाच उरत नाही, म्हणून गाड्या जवळजवळ सोडता येतात. पण तिथे सगळ्या गाड्या एकाच जातीच्या. आपल्या मोठ्या रेल्वेवर एकाच रुळावर राजधानी, पॅसेंजर आणि कोळशाची मालगाडी. ते प्रकरण वेगळं.

शंकासूर | रवि, रात्री ८:२०

मग हे कवच सगळीकडे कधी? मार्गाला किमीमागे ५० लाख आणि एका इंजिनाला ८० लाख असा खर्च सरकारनेच सांगितलाय. आपलं जाळं ६८ हजार किमीच्या वर. ४ मार्च २०२२ ला रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात बसले होते, समोरच्या इंजिनापासून ३८० मीटरवर गाडी आपोआप थांबली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण १७ जून २०२४ ला बंगालमध्ये रंगापानीला कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीने मागून ठोकलंच ना? तिथे तर कवच नव्हतं.

केबिनमधून | रवि, ९:०२

शंकासूर, रंगापानी आमच्या जिव्हारी लागलेलं आहे, म्हणून लिहितो. तिथे सकाळपासून ऑटोमॅटिक सिग्नल बिघडलेले होते. लाल ओलांडून जायचा कागद ड्रायव्हरला दिला जातो. त्या दिवशीही दिला. किती वेगाने जायचं, हे त्या कागदावर स्पष्ट नव्हतं.

मी इतकी वर्षं एक गोष्ट बघतोय. यंत्रणा चालू असते तेव्हा अपघात फार कमी होतात. होतात ते यंत्रणा बिघडल्यावर, हातात कागद आल्यावर. त्या वेळी आपण १०० वर्षं मागे जातो, फक्त आजूबाजूला गाड्या आजच्या संख्येने आणि आजच्या वेगाने असतात. जुन्या मास्तरांना कागदावर काम करायची रोजची सवय होती. आजच्या पोरांना महिन्यातून एकदा ती वेळ येते आणि नेमकी घाईची येते. कवच तर हवंच, लवकर हवं. सुरुवातीच्या टप्प्यात आपल्या मराठवाड्याच्या लाईनही होत्या, मनमाड-मुदखेड आणि परभणी-परळी-बिदर कवच लागलेल्या पहिल्या १४६५ किमीतच होते. जुलै २०२५ मध्ये मथुरा-कोटा नव्या ४.० आवृत्तीवर आलं. पण कवच येईपर्यंत, आणि आल्यावरही, बिघाडाच्या दिवसाचा सराव नीट करून घ्या, ही माझी मागणी आहे. कागदावर वेग मोठ्या अक्षरात लिहा. एवढंच.

अदिती_प | रवि, ९:१०

+१, हजारदा.

निवृत्त_मास्तर | सोम, सकाळी ७:२५

उशिरा आलो. मुक्ताताईंच्या वहीतली ओळ वाचून काल रात्री झोप लागली नाही. मी ३४ वर्षं मास्तर होतो, त्यातली १२ टोकनवर.

ताई, "६ दिले" म्हणजे ब्लॉक यंत्रावर सहा टोले दिले. दोन स्टेशनांच्या यंत्रांना घंटा असते. एक टोला म्हणजे लक्ष द्या. दोन म्हणजे गाडी घेता का. तीन म्हणजे गाडी सेक्शनमध्ये निघाली. चार म्हणजे गाडी पूर्ण पोचली. दिवसभर कानावर हेच. सहा मात्र वर्षानुवर्षं ऐकू येत नाहीत. सहा म्हणजे पुढे अडथळा आहे, धोका, गाडी सोडू नका.

माझ्या नोकरीत मी ते दोनदा दिले आणि एकदा घेतले. घेतले त्या रात्री चौथ्या टोल्यापर्यंत मी गाडी पोचली असं समजून यंत्राकडे हात नेला होता. पाचवा पडला आणि हात तिथेच राहिला. सहाव्याला उठून आधी सिग्नल टाकला, म्हणजे आडवा केला, मग पोच दिली, मग फोन उचलला, मग पॉईंट्समनला हाक मारली. याच क्रमाने. विचार करायला वेळ नसतो.

तुमच्या आजोबांनी लिहिलंय "पलीकडून लगेच पोच", म्हणजे शेजारच्या मास्तरने टोले ओळखून परत दिले. आणि "गाडी निघाली नव्हती", म्हणजे गोळा यंत्रातून काढलेला होता, बहुधा ड्रायव्हरच्या हातात जायचा होता, आणि तो थांबवला. दोन मिनिटं उशीर झाला असता तर त्या सहा टोल्यांना अर्थ नव्हता. एकदा गाडी सेक्शनमध्ये गेली की आमच्याकडे तिला गाठायचं साधनच नव्हतं. मग एकच, कुणीतरी लाल दिवा आणि फटाके घेऊन गाडीच्या दिशेने धावायचं. ६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. अंधारात, खडीवरून, १२०० मीटर धावून बघा.

तुम्ही विचारलंत गोळा आणि कवच यात फरक काय. केबिनमधून यांनी लाल बटणाचं लिहिलंय ना, एसओएस, ते आमचे सहा टोलेच आहेत. फक्त आमचे टोले दुसऱ्या मास्तरपर्यंत जायचे आणि तिथे संपायचे. त्यांचे थेट चालत्या गाडीपर्यंत जातात. आमची सगळी सत्ता गाडी सुटेपर्यंत होती. सुटल्यावर आम्ही फक्त चार टोल्यांची वाट बघायचो. ती वाट कशी असते, हे मास्तरच्या घरच्यांना विचारा.

केबिनमधून | सोम, ७:५०

मास्तर, साष्टांग नमस्कार. आता ते बटण बघेन तेव्हा सहा टोलेच आठवतील.

थेम्सकाठी | सोम, १०:१८

"आमची सगळी सत्ता गाडी सुटेपर्यंत होती." मी जे चार परिच्छेदांत सांगायचा प्रयत्न केला ते या एका वाक्यात आहे.

मुक्ता_जालना | सोम, रात्री ९:४०

सगळ्यांचे खूप आभार. मास्तरकाका, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला, मग दोघींनी आजीला फोन लावला. आजी ८८ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण "सहा टोले" म्हटल्याबरोबर म्हणाली, "ती कापसाची गाडी."

स्टेशनच्या पुढच्या फाटकात रात्री कापसाने भरलेली बैलगाडी रुळांत अडकली होती, एक चाक मोडलं होतं. गेटमन धावत स्टेशनात आला. आजोबांनी टोले दिले, पोच घेतली आणि कंदील घेऊन स्वतः फाटकाकडे गेले. सगळ्यांनी मिळून आधी बैल सोडले, मग कापूस रुळावरून हातांनी बाजूला काढला. आजी म्हणते, ते पहाटे घरी आले तेव्हा स्वेटरला, केसांना, मिशीलासुद्धा कापूस चिकटलेला होता. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, गाडी लेट होती." वहीत लिहिलं ते दुसऱ्या दिवशी, आणि घरात सांगितलं ते चार महिन्यांनी, तो गाडीवाला शेंगांचं पोतं घेऊन दारात आला तेव्हा.

निवृत्त_मास्तर | सोम, १०:०५

पोतं घेतलं का त्यांनी?

मुक्ता_जालना | सोम, १०:११

अर्धं. अर्धं पलीकडच्या स्टेशनच्या मास्तरांना पाठवलं, सकाळच्या पॅसेंजरच्या गार्डाबरोबर.